आडवी पडली की पेटणारी बॅटरी

शरदला शेवटचा घातलेला नवा सदरा, त्याच्या खिशात मी त्याची बॅटरी ठेवली आणि आतले सेल काढायला विसरलो. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे बहुतेक घोळ असेच आपणहून केलेले असतात.

शरदचा अंबडला लेथचा छोटा गाळा. देवळाली कॅम्पच्या बाजारात भंगारवाल्यांकडे जुन्या लष्करी बॅटऱ्या मिळायच्या. खाकी रंग, वाकडी मान, आणि वजन असं की चोराला उजेड दाखवण्यापेक्षा डोक्यात घातलेली बरी. नव्वद सालानंतर दर रविवारी आम्ही दोघं त्या धुंडाळत फिरायचो. शरद त्या कापून दोन बारक्या सेलवर आणायचा, खिशात मावतील अशा करायचा. पुढे एलईडी आले तेव्हा मी मदतीला बसलो, तार उलटी जोडली आणि दिवसभर दुकानदाराला शिव्या घातल्या. शरदने संध्याकाळी तार फिरवली... आणि पुन्हा कधी मला तारांना डाग द्यायला बसवलं नाही.

एकदा छातीत कळ येऊन गेली, तेव्हा त्याने स्वतःच्या बॅटरीत बेअरिंगचा एक छर्रा बसवला. उभी असली की बंद. आडवी झाली की छर्रा घरंगळायचा आणि ती पेटायची. "लाईट नसताना गाळ्यात पडलोबिडलो तर कुणाला तरी उजेड दिसेल," म्हणाला.

"पडायचा एवढा बंदोबस्त करण्यापेक्षा विड्या सोड की, शऱ्या!"

"त्याही सोडू... आधी हे."

तो पडला त्या दिवशी बॅटरी माझ्याकडे होती. पाण्याच्या टाकीत डोकावायला एका दिवसासाठी मागून आणली होती, त्याला आठ दिवस झाले होते. दुपारचं लोडशेडिंग, शेजारच्या गाळ्यातली माणसं चहाला गेलेली. शरद आत लेथमागे अंधारात पडून राहिला. दीड तासाने लाईट आली तेव्हा सापडला.

म्हणून ती त्याच्या खिशात ठेवली. कुणाला न सांगता... परत केल्यासारखी.

घरी तीन तास तो आडवाच होता. बॅटरी मुकाट होती. मग निघालो. मडकं घेऊन त्याची एकुलती मुलगी अश्विनी पुढे. विसाव्याच्या जागी तिरडी टेकवली, दिशा फिरवली, आणि पांढऱ्या कापडाखालून छातीपाशी निळसर उजेड वर आला. कमीजास्त होत होता, श्वास घेतल्यासारखा. सगळ्यांत आधी ओरडलो तो मी, "शऱ्या, ऊठ!" आणि हा छर्रा बसवताना शेजारी बसून चहा प्यायलेला माणूसही मीच.

अश्विनीने मडकं खाली ठेवलं. "बाबा आहेत! दोऱ्या सोडा आधी!" ती त्याच्या छातीला कान लावून बसली. तिथून तिला उठवायची कुणाची हिंमत होईना. तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. कापडाखाली हात घातला. छाती गार होती, बॅटरी कोमट.

उभी धरली, विझली. आडवी केली, पेटली. अश्विनीने ती हातात घेऊन तीनदा तसंच करून पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्याकडे कशी?"

सांगितलं. आठ दिवसांसकट सगळं.

"मग घरी का नाही पेटली?"

"छर्रा अडकला असेल. फिरवताना सुटला."

"असेल," ती म्हणाली आणि मडकं उचललं.

आता ती बॅटरी अश्विनीच्या पर्समध्ये उभी खोचलेली असते. कामावर जाताना, भाजी आणताना, सगळीकडे. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी, शरदच्या बायकोने, चहा ठेवला. पर्स समोर टेबलावर, चांगली सरळ उभी. कुणी हात लावला नव्हता. बोलता बोलता पर्सच्या चेनमधून उजेडाची बारीक रेघ दिसायला लागली. वहिनी बघत राहिल्या. पण माझी जित्याची खोड... मी हात पुढे केला.

"दे इकडे. छर्रा बघतो जरा. उद्या आणून देतो."

अश्विनीने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"नको काका. तुम्ही वेळेवर परत देत नाही."