गोड आवाजातली जर्मन

माझ्या मावसबहिणीला सगळे बारकी म्हणतात. पस्तिशी उलटली तरी अंगावर मांस धरलं नाही, म्हणून. अकरा वर्षं ती एका इस्पितळात बायकांच्या वॉर्डात नर्स आहे. पू, उलट्या, शौचाची भांडी, चिघळलेल्या जखमांचा वास, यातल्या कशानंही तिचं जेवण कधी सुटलं नाही. ड्युटीवरून यायचं, हात धुवायचे आणि ताटावर बसायचं. आम्हीच कातावायचो, "अगं, जेवताना तरी तुझ्या पेशंटांना घरी पाठव!"

अशा बाईला किळस आली ती एका भाषेची. कशी, ते सांगते.

परदेशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला नर्स हव्यात, जर्मन शिकलात तर नोकरी पक्की, असं एका एजन्सीच्या माणसानं इस्पितळात येऊन सांगितलं. बारकीनं नाव घातलं. तिच्याच वॉर्डातल्या घारीनंही घातलं. घारी म्हणजे घाऱ्या डोळ्यांची, बोलण्यात चटपटीत. दोघींची नऊ वर्षांची मैत्री, दुपारचा डबा एकत्रच. तोंडी परीक्षा जोडीनं द्यायची होती. शिकवणारे सर म्हणाले, "पुस्तक घोकून जीभ वळत नाही. घरात जी कामं करता ती करता करता बोला."

मग रोज दुपारी ड्युटी सुटली की बारकी घारीच्या घरी. चार ते सहा मराठी बंद. बटाटे सोलणं, कपडे वाळत घालणं, चादरी बदलणं, सगळं जर्मनमधून. सुरुवातीला नुसती धमाल. त्या भाषेत चमचा पुरुष, काटा बाई, आणि सुरी धड ना ही ना तो. पुरुषाला आधी 'डेर' लावायचा, त्या तिसऱ्या लिंगाला 'डास'. "सुरीला डास चावला," असं म्हणत बारकी ते पाठ करायची.

आतल्या खोलीत घारीची सासू पडून असे. एकेकाळी ती बायकांचे कपडे शिवायची. आता डावी बाजू लुळी, तोंड वाकडं, शब्द निघाला तर अर्धामुर्धा. सव्वापाचला तिला पातळ लापशी भरवायची. तेही रोजचंच काम, म्हणून तेही जर्मनमधून. 'बिटे, मुंड आउफ' म्हणजे कृपया तोंड उघडा. 'गूट' म्हणजे छान. म्हातारी घास घ्यायची, अर्धा हनुवटीवरून ओघळायचा, घारी फडक्यानं टिपायची.

तिसऱ्या आठवड्यात एकदा म्हातारीला ठसका लागला आणि लापशी घारीच्या बाहीवर उडाली. घारीनं शिवी हासडली नाही. लहान मुलाशी बोलावं तशा लाडिक आवाजात ती म्हणाली, "मुंड आउफ, डेर श्वाइन." तोंड उघड, डुकरा.

बारकीला हसू फुटलं. आणि हसता हसता ती म्हणाली, "डेर नाही गं, डास. डास श्वाइन."

हे मला सांगताना ती भांडी घासत होती. हातातला तवा तसाच खाली ठेवला. "मी तिला थांबवलं नाही गं. मी तिची चूक सुधारली."

मग ते रोजचंच झालं. घारी शब्दकोश उघडून नवेनवे शब्द काढायची. मरणार कधी, घाणीचा गोळा, सडकं मांस. सगळं साखरेत घोळून, म्हातारीच्या गालावरून हात फिरवत. एकदा शेजारीण डोकावली, तेव्हाही थांबली नाही. शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंत हो आजी! सून परक्या भाषेतसुद्धा किती लाड करते." घारीनं बारकीकडे बघून डोळा मारला. हातातला चहा बारकीनं मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा गेलीच. परीक्षा तोंडावर आली होती.

एके दिवशी घारी गच्चीवर कपडे काढायला गेली आणि भरवायचं काम बारकीकडे आलं. तिनं चमचा पुढे केला, सवयीनं म्हणाली, "बिटे, मुंड आउफ." म्हातारीनं ओठ घट्ट मिटले.

"आई, तोंड उघडा ना," बारकी मराठीत म्हणाली. म्हातारीनं तोंड उघडलं, पण घासासाठी नाही. उजवा हात उचलून तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मोठ्या कष्टानं विचारलं, "श्वाइन... म्हंजे?"

"श्वाइन म्हणजे... आई," बारकी म्हणाली आणि घाईनं चमचा तिच्या तोंडात घातला.

तोंडातलं होतं नव्हतं ते सगळं म्हातारीनं बारकीच्या तोंडावर थुंकलं. कोमट लापशी, लाळ, सगळं. "खोटं," इतकंच म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

घारी खाली आली तेव्हा बारकी मोरीत ओकत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"तिला सगळं कळतंय," बारकी म्हणाली.

"कळू दे." घारी कपड्यांच्या घड्या घालत होती. "मी या घरात आले तेव्हापासून तिनं मला काय काय म्हटलंय, ठाऊक आहे? तेही मराठीत, चारचौघांत. तेव्हा कोणी ओकलं नाही."

"मग तूही मराठीत म्हण. उघड म्हण, भांड. हे गालावरून हात फिरवत बोलायचं... शी!"

"आणि तू काय देवळात बसली होतीस? डास कुणी लावला?"

बारकी चपला घालून निघाली. दुपारचा डबा त्यानंतर ती एकटीच खायची.

परीक्षेची जोडी मात्र आधीच ठरलेली, बदलता येईना. परीक्षकानं चिठ्ठी दिली: एकीनं रुग्ण व्हायचं, दुसरीनं भरवायचं. बारकी खुर्चीत बसली. घारीनं रिकामा चमचा पुढे केला, मान कलती करून, त्याच आवाजात म्हणाली, "बिटे, मुंड आउफ." परीक्षक खूश झाला. बारकीच्या घशाशी आंबट आलं. पुढची आठ-दहा वाक्यं तिनं म्हणायची होती. एकही आलं नाही. ती नापास, घारी उत्तम गुणांनी पास.

चार महिन्यांत घारी जर्मनीला गेली. सासूला घारीच्या नणंदेकडे ठेवलं. बारकी तिथे दोनदा जाऊन आली. पहिल्या वेळी म्हातारीनं ओळख दिली नाही. दुसऱ्या वेळी बारकीनं तिची नखं कापली, पाठ पुसली. माफी मागायला गेली होती, पण शब्द जमले नाहीत. म्हातारीनं हात काढून घेतला नाही, एवढंच.

घारीचे फोटो येतात. बर्फ, स्वच्छ खोल्या, व्हीलचेअरवरचे हसरे म्हातारे. तिथे सगळ्यांना जर्मन कळतं, तेव्हा ती काय बोलत असेल, हा प्रश्न मला पडतो. बारकी फोटो उघडतच नाही. सरांनी पुन्हा बसायला सांगितलं होतं, तर तिनं पुस्तकंच रद्दीत घातली.

"जाऊ दे गं," मी परवा म्हटलं. "विसरून जा ती भाषा."

"तीच तर घाण आहे," ती म्हणाली. "जाईल तर शपथ! जिना चढताना अजून पायऱ्या त्याच भाषेत मोजते मी."