यार्डस्टिक म्हणजे काठीची काठी

तेव्हा मी इंग्रजीत एम.ए. करत होते. जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान. राजूरकडचे पाहुणे मला बघायला घरी न येता आधी दुकानातच आले. मुलगा, त्याचे मामा आणि आत्या. मला साडी नेसवून गल्ल्याजवळ बसवलं होतं.

मामांनी गादीवरचा लोखंडी गज उचलला. आता कापड मीटरनं मोजतात, पण त्या पट्टीला आमच्याकडे सगळे गजच म्हणतात.

"इंग्रजी शिकून राह्यली न तू? मंग याला काय म्हणतात?"

"यार्डस्टिक." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शब्द नुकताच वाचनात आला होता, राहवलं नाही. "यार्ड म्हणजे मुळात काठी, झाडाची डहाळी. तिनं मोजता मोजता मापालाच यार्ड म्हणायला लागले. काठी हा अर्थ लोक विसरले, म्हणून पुढं परत स्टिक जोडलं. म्हणजे काठीची काठी!"

वडील कौतुकानं हसले. आत्याबाई म्हणाल्या, "हुशार हाय. पण उंच दिसून राह्यली. आणा बरं ती काठीची काठी इकडं. ऊठ गं बाई."

मी उठले. ब्लाउजपीस बघत बसलेल्या दोघी बायका बघतच राहिल्या. मुलगा मोबाइलमध्ये होता. आत्याबाईंनी गज फरशीवर टेकवून माझ्या पाठीला लावला, कमरेच्या वर बोट ठेवलं आणि तिथून पुन्हा वर धरला. गार लोखंड मानेला लागलं, आणि मी साडीच्या आत हळूच गुडघे वाकवले.

"बराबर हाय. पोराच्या कानापर्यंतच येती."

मी वडिलांकडे पाहिलं. ते माझ्या निऱ्यांकडे बघत होते. निऱ्या फरशीवर ढिल्या पडल्या होत्या. कापडातला माणूस, त्यांना कळायला वेळ लागला नाही.

घरी जाताना ऑटोत त्यांनी विचारलं, "पाय दुखत होते का गं?"

"हो," मी म्हणाले.

मग रात्री घरी पाहुण्यांचा होकाराचा फोन आला. वडिलांनी माझ्यासमोरच उचलला.

"न्हाई जमायचं," ते म्हणाले. "आमची पोरगी तुम्ही मोजली त्याच्यापेक्षा बरीच उंच हाय."

मला बरं वाटायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. वडिलांसमोर यायला तोंड नव्हतं.