पायलटला परभणीचं आभाळ सांगताना

किस्से जमवावे लागत नाहीत. पाच माणसं आणि एक टेलिफोन वर्षानुवर्षं एका खोलीत ठेवा, बास! आमची परभणीची हवामान वेधशाळा तशीच. गावात विमानतळ नाही. पण दर तासाला परभणीचं आभाळ औरंगाबादच्या विमानतळाला कळवायचं काम आमचं. तिथून ते पायलटच्या हातात जायचं. इनचार्ज कदम साहेब, वायरलेसवर कादरभाई, निरीक्षक लोखंडे आणि मी, आणि शिपाई झरीचा ग्यानबा.

*

किती लांबचं दिसतंय हे पायलटला लागतंच. ते मोजायला आमच्याकडं यंत्र नव्हतं, ठरलेल्या खुणा होत्या. पाण्याची टाकी दिसली तर अमुक अंतर, पलीकडची जिनिंगची चिमणी दिसली तर त्याहून जास्त. लोखंडे तेव्हा नवा आणि नियमाला पक्का. मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी औरंगाबादहून फोन आला.

“परभणीत धुकं? आत्ता?”

साहेबांनी लोखंडेला गच्चीवरून खाली बोलावलं.

“साहेब, चिमणी दिसंना!”

“दिसंना म्हंजे?”

“सकाळपसून बघायलोय. टाकी दिसती, चिमणी न्हाई.”

साहेब स्वतः वर गेले. चिमणी खरंच नव्हती. जिनिंगवाल्यांनी आदल्या दिवशी पाडली होती!

साहेब खाली आले आणि फोन लोखंडेच्या हातात दिला. “तुझं बरोबर हाय. आता त्यान्ला तूच समजावून सांग!”

*

ढग मोजायचे म्हणजे आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेत ते सांगायचं. ही सवय माणसासोबत घरी जाते. कादरभाईंना भाभींनी एकदा जेवताना विचारलं, “सालन में नमक कैसा है?”

कादरभाई ताटातून मान वर न करता म्हणाले, “आठ में छे.”

भाभींनी मिठाची बरणी समोर आपटली. “बाकी के दो तुम डाल लेव!”

*

पायलटसाठीचा अंदाज ठराविक साच्यातला असतो. आधी एकूण हवा कशी, मग किती वाजता काय बदलणार. कादरभाईंनी साहेबांचा अंदाजही त्याच साच्यात द्यायला सुरुवात केली. सकाळी कोणी आत शिरलं, की दारातच बातमी: “साहेब, सुरुवातीला स्वच्छ. अकरानंतर गडगडाट. डाक वाचल्यावर जोर वाढेल.”

एकदा हे चालू असताना साहेब नेमके मागं उभे! आमचे चेहरे पडले. लोखंडे तर पेन्सिल शोधायच्या निमित्तानं टेबलाखालीच गेला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. “अकरा न्हाई, साडेधा करा. डाक आज लवकर आलीय.”

*

हेलिकॉप्टर येणार असलं, की मैदानात उंच काठीला पट्ट्यापट्ट्यांची कापडी पिशवी बांधतात. ती फुगली, की वारा कुठून आहे ते पायलटला वरूनच कळतं. झरीला कोणी पुढारी येणार होता आणि दौरा नेमका पोळ्याला लागून. मैदानावर गेलो तर काठी आहे, पिशवी गायब! ग्यानबाला गावात पिटाळलं. तो खाली मान घालून परत आला.

“सापडली का?”

“सापडली. पण आणता यीना.”

“का?”

“मिरवणुकीत हाय. बैलाच्या अंगावर.” मग अगदी बारीक आवाजात, “आमच्याच.”

कादरभाई म्हणाले, “तो फिर बैल कोच मैदान में खडा करो!”

*

नामांतराच्या दिवसांत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. खेड्यापाड्यांतून दलित वस्त्यांच्या जाळपोळीच्या बातम्या येत होत्या. लोखंडेची आई आणि बायको गावाकडं, अशाच एका वस्तीत. साहेब स्वतः जीप घेऊन गेले आणि दोघींना वेधशाळेच्या क्वार्टरमध्ये आणून ठेवलं. वरून विचारणा झाली, की परवानगी कुणाची?

साहेब फोनवर म्हणाले, “इथली हवा खराब हाय. निवळली की जातील.”

निवळायला लय दिवस लागले. तोवर साहेबांच्या घरून रोज दुधाचं भांडं जायचं.  

*

एकदा पिंगळीला मंत्र्यांचा कार्यक्रम होता. मंडप उभा होता, माणसं जमत होती, हेलिकॉप्टर औरंगाबादला तयार. सकाळी वायरलेसवर अंदाज आला: दिवसभर स्वच्छ, दुपारी तात्पुरतं वादळ. साहेब तो पायलटला कळवायला बसले, तेवढ्यात मंडपाची जबाबदारी असलेला अधिकारी धावत आला.

“अहो कदम, वर बघा. एक ढग नाही!”

“आत्ता न्हाई.”

“आणि ‘तात्पुरतं’च म्हटलंय ना? म्हणजे किरकोळ. तेवढं वगळा.”

“तात्पुरतं म्हंजे थोडा वेळ. थोडंसं न्हाई. आलं तर पुरतं येतं, आन् हेलिकॉप्टरला तेवढा वेळ बास होतो.”

“मंत्री आले नाहीत तर मी वर लिहीन. तुमच्या नावानिशी!”

“लिहा,” साहेब म्हणाले आणि सगळा अंदाज शब्दन् शब्द फोनवर सांगितला.

पायलटनं उड्डाण रद्द केलं.

आणि वादळ आलंच नाही! दुपार गेली, संध्याकाळ झाली, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. पिंगळीहून परतणारी माणसं आमच्या फाटकासमोरून आम्हाला शिव्या घालत गेली. साहेब तोवर गच्चीवर उभे होते. डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर आलं. मंत्री भाषणाला उभे राहिले आणि पायलट जीपमध्ये बसून थेट आमच्या दारात. तरणाबांड गडी, रागानं लालबुंद.

“कदम कोण?”

“मी.”

“काल कुठलं वादळ होतं हो? सगळ्यांसमोर मी तोंडघशी पडलो! मंत्री मला भित्रा म्हणाले! घरून आभाळ बघितलं असतं तरी कळलं असतं! तुम्हाला इथं बसवलं कुणी?”

तो बोलतच राहिला. कादरभाईंनी कानावरचा हेडफोन काढलाच नाही. आम्ही जमिनीकडं बघत होतो. साहेब मात्र उठून उभे राहिले होते आणि त्या पोराला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होते, कुठं ओरखडा तर नाही ना, असं बघावं तसे. शेवटी तो दमला आणि जायला वळला.

साहेबांनी आपली खुर्ची त्याच्यापुढं सरकवली.

“ग्यानबा, चहा सांग. ह्या साहेबांचं अजून बोलायचं ऱ्हायलंय.”