बाटलेली कुत्री

आमच्या शेतावर वडिलांच्या वेळेपासून कारवानी कुत्री आहेत. लांब तोंडाची, खोल छातीची, कंबर दोन हातांच्या पकडीत मावेल एवढीच. पूर्वी ती सशामागं सोडायचे. कायद्यानं ते बंद झालं तेव्हापासून जत्रेतल्या शर्यतीत पळवतात, आणि एरवी ती आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यावर, गुरांची राखण करतात. वडील गेल्यावर ही कुत्री माझ्या धाकट्या भावाकडं आली. त्यांच्याबरोबर एक गर्वही आला, जो वडिलांना कधी नव्हता. वडील कुत्र्याला कुत्रं म्हणायचे. भाऊ रक्त म्हणायचा. निलंग्यापासून औशापर्यंत कुणाच्या दारात कुठलं रक्त आहे, कोणत्या कुत्रीला कोणता नर लावला, हे त्याला तोंडपाठ. स्वतःच्या लेकीची इयत्ता मात्र बायकोला विचारून सांगायचा.

माझा नवरा लातूरचा. ठिबकच्या नळ्यांचं दुकान. शेजारच्या दुकानदारानं जे घेतलं ते आपल्याकडं महिन्याभरात असलं पाहिजे, हा त्याचा एकमेव छंद. तीन वर्षांपूर्वी तो पुण्याहून एक कुत्रं घेऊन आला. लॅब्राडोर आणि पूडल यांची मुद्दाम केलेली पैदास, त्याला डूडल म्हणतात. अंगावर बदामी कुरळे केस, डोळे दिसतच नव्हते. ‘केस गळत नाहीत, वास येत नाही, लॅब्राडोरची माया आणि पूडलची अक्कल,’ असं विकणाऱ्यानं सांगितलेलं नवरा येईल त्याला ऐकवायचा. पिंजून ठेवलेल्या कापसासारखं ते जनावर सोफ्यावर बसायचं आणि त्याचं खाणंपिणं, न्हाणं, कान पुसणं माझ्याकडं.

भाऊ ते बघायला मुद्दाम लातूरला आला. चपला काढायच्या आधीच म्हणाला, “दाजी, हे मेंढरू कुठून आनलात?”

“मेंढरू नाही, डिझायनर ब्रीड आहे,” नवरा म्हणाला. “तुमच्या हाडकुळ्यांचे दिवस संपले आता, पाव्हणं.”

“डिझायनर कपडे असतेत. कुत्र्याला जात असती. ह्याची जात कोनती?”

“दोन्ही चांगल्या जाती मिळून केलंय. तुम्ही बापाला लेक लावता, भावाला बहीण लावता. रक्त आटतं त्यानं. डॉक्टरच सांगतात.”

“आमी पिढ्यानपिढ्या पारखून ठेवलंय. पिल्लू पोटात असतानाच सांगतो कसं निघंल ते. तुमच्या ह्या खिचडीची पिल्लं कसली निघतील, सांगा की.”

नवरा म्हणाला, “लोक रांग लावून घेतात.”

त्यानंतर दोघं भेटले की हेच. लग्नात, बारशात, एकदा तर सावडण्याच्या दिवशीही. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं होतं. भावाकडं त्याआधीच्या वर्षी एका कुत्रीला वाकड्या पायांची पिल्लं झाली होती आणि ती त्यानं कुणाला दाखवली नव्हती. पण दुसऱ्याचं खरं ऐकून घ्यायला कुणीच बसलेलं नव्हतं. भावाला दाजीला खाली बघायला लावायचं होतं, आणि दाजीला मेव्हण्याला खेडवळ ठरवायचं होतं. मी मध्ये चहा करायचे आणि मनातल्या मनात दोघांना शिव्या द्यायचे.

येळवसेला आम्ही दरवर्षी शेतावर जातो. त्या अमावस्येला लातूर निम्मं रिकामं होतं, जो तो कुणाच्या ना कुणाच्या रानात जाऊन आंबील-भज्जी खातो. त्या वर्षी वहिनीनं आधीच फोन करून सांगितलं होतं, “अक्का, तांबडी कुत्री माजावर हाय. ह्यांनी उदगीरकडचा एक नर बघून ठेवलाय. दाजींना म्हनावं तुमचं कुत्रं आनू नका.” मी तसं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “आपलं अजून पिल्लूच आहे, त्याला काय कळतंय?” आणि त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. मी मागं बसले.

तांबडी ही भावाची सगळ्यात चांगली कुत्री. जत्रेत तिच्यापुढं कुणाचं कुत्रं निघालं नव्हतं. तिला त्यानं गोठ्यात बांधून पुढं कडब्याच्या पेंढ्या लावल्या होत्या. आम्ही कडब्याच्या कोपीपाशी पूजा करत होतो, नैवेद्य दाखवून चर शिंपायला, म्हणजे पिकावर आंबील शिंपडायला, भाऊ हातात तांब्या घेऊन ज्वारीत शिरला होता, आणि नवऱ्यानं कुत्र्याचा पट्टा सोडला. मोकळ्या हवेत जरा पळू दे म्हणाला.

वहिनी पाणी आणायला गोठ्याकडं गेली आणि तिथूनच तिनं भावाला हाक मारली. आम्ही सगळे धावलो. पेंढ्या पडलेल्या होत्या आणि दोन्ही कुत्री अडकलेली, पाठीला पाठ लावून उभी. तांबडी मान खाली घालून, आणि आमचा कापूस जीभ बाहेर काढून.

भावानं दाराशी टेकवलेली काठी उचलली. वहिनी आडवी झाली. “मारू नगा, आता मारलात तर आपल्याच कुत्रीला इजा हुईल.” तो थांबला, पण काठी खाली ठेवली नाही.

नवरा हसत होता. मोबाइल काढून त्यानं फोटो घेतला.

“दाजी, तुमी हसायलात?” भाऊ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

“अहो पाव्हणं, निसर्ग आहे. त्यात रागवायचं काय?”

“माझी कुत्री बाटली.”

हा शब्द मी आमच्या घरात याआधी एकदाच ऐकला होता, गावातली एक पोरगी दुसऱ्या जातीतल्या मुलाबरोबर गेली तेव्हा. तेव्हाही भावाच्याच तोंडून. मी म्हणाले, “कुत्र्याबद्दल तरी असं बोलू नकोस.” तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “अक्का, तू ह्यात पडू नको. एकदा असलं रक्त शिरलं की पुढची सगळी पिल्लं बिघडतेत. कितीबी चांगला नर लाव.”

हे साफ खोटं आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी त्याला तिथल्या तिथं सांगितलं की एका विणीचा नर दुसऱ्या विणीत उतरत नाही. तो म्हणाला, “तुझ्या पुस्तकात कारवानी न्हाई.”

आम्ही न जेवता परत आलो. दुसऱ्या दिवशी भाऊ तांबडीला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. गर्भ पाडायचं इंजेक्शन आहे, पण त्यात पिशवी सडण्याचा धोका आहे, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तो तिला तशीच घेऊन आला. तिच्या जिवाची काळजी होती की शर्यतीची, ते त्यालाच माहीत.

इकडं नवऱ्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुण्याच्या त्या विकणाऱ्याशी तो रोज फोनवर बोलायचा. देशी शिकारी कुत्रं आणि पूडल, असं अजून कुणी केलेलं नाही, लोक तुटून पडतील. त्यानं नावही काढलं, कारवाडूडल. एका सकाळी मोबाइलच्या स्टेटसला गोठ्यातला फोटो टाकला, खाली लिहिलं: ‘लवकरच येत आहे. बुकिंग सुरू.’ मला कळलं तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी तो बघितलेला होता. पारावर पोरं भावाला ‘कारवाडूडल मालक’ म्हणायला लागली होती.

तो दुपारी आमच्या दारात आला. आत आला नाही.

“दाजी कुठं हायत?”

“दुकानात. आत ये, पाणी तरी घे.”

“ह्या घरचं पाणी नको मला. त्यांना सांग, एकबी पिल्लू लातूरला येनार न्हाई. एकबी.”

“म्हणजे काय करणार आहेस?”

तो मोटारसायकलला लाथ मारून निघून गेला. मी नवऱ्याला फोन करून स्टेटस काढायला लावलं. त्यानं काढलं, पण म्हणाला, “तुझ्या भावाला धंदा कळत नाही.”

तांबडी व्याली त्या दिवशी शाळेत माझा तास चालू होता. वहिनीचे फोन येऊन गेलेले दिसले. परत लावला तर ती एवढंच म्हणाली, “अक्का, लगेच या.” मी अर्धी रजा टाकून निलंग्याची एसटी धरली. फाट्यावर उतरून रानात पोचले, तोवर उशीर झालेला होता. भावानं पिल्लं युरियाच्या रिकाम्या पोत्यात घालून तोंड बांधून विहिरीत टाकली होती. विहिरीच्या काठाला तांबडी चकरा मारत होती. आत वाकून बघायची, गोठ्याकडं पळायची, तिथली जागा हुंगायची, पुन्हा विहीर. तिच्या आचळातून दूध गळत होतं.

भाऊ बांधावर बसून तंबाखू मळत होता.

मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुझ्या लेकीनं उद्या मनासारखं लग्न केलं तर तिलाही पोत्यात घालणार का, हे बोलले ते आठवतं. तो ताडकन उठला. मला वाटलं मारतो. हात उचललाही होता त्यानं. मग विहिरीकडं बोट दाखवून म्हणाला, “ही कुत्रीबी आता माझ्या कामाची न्हाई. ने दाजीकडं. कर म्हनावं धंदा. पन ह्या रानात पुन्हा पाय ठेवू नको.”

“ठेवत नाही,” मी म्हणाले.

वहिनी मला गोठ्यामागं घेऊन गेली. तिथं जुन्या टोपल्याखाली एक पिल्लू होतं, पटकुरात गुंडाळलेलं. भाऊ पोतं शोधायला गेला तेवढ्यात तिनं उचललं होतं. “ह्यांना म्हनू नका,” ती म्हणाली. मी पिल्लू पर्समध्ये घातलं, तांबडीच्या गळ्यात चऱ्हाट बांधलं. ती येईना. चऱ्हाट ताणून विहिरीकडं ओढायची. शेवटी पर्स उघडून पिल्लू तिच्या नाकाशी धरलं, तेव्हा ती चालायला लागली. एसटीवाल्यानं कुत्री घेतली नाही. मी फाट्यावरून एक टमटम ठरवून लातूर गाठलं.

नवऱ्यानं दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलला, “एकच?”

मी त्याला सांगितलं, या पिल्लाचा फोटो कुठंही दिसला तर मी या घरात राहणार नाही. पहिल्यांदाच त्यानं मला उलट उत्तर दिलं नाही. बहुतेक एका पिल्लात त्याला धंदा दिसला नसावा.

उन्हाळा लागला तसा त्याच्या डूडलचा रंग उतरला. न गळणारे केस गळायला लागले. जे गळले नाहीत त्यांच्या गाठी झाल्या आणि गाठींखाली कातडी ओली होऊन घाण सुटली. मी कात्रीनं केस कापायचे, मलम लावायचे. नवरा पुण्याला फोन करून भांडायचा. तिकडून उत्तर आलं, मिसळ पैदाशीत असं कधीकधी निघतं, लिहून कुणी दिलं होतं? मे महिन्यात मी एका प्रशिक्षणाला नांदेडला गेले होते. परत आले तर कुत्रं नाही. औशाच्या एका ओळखीच्याला शेतघरावर ठेवायला देऊन टाकलं होतं. “तिथं मजेत राहील,” म्हणाला. पुढच्या आठवड्यात मी औशाला जाऊन चौकशी केली. त्यानं ते पुढं कुणाला तरी दिलं होतं, आणि त्या माणसाचं नावही त्याला सांगता येईना. माझ्या हातचं खाऊन वाढलेलं होतं ते. नवऱ्याला मी हे माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

तांबडी राहिली. पिल्लू वाढलं. पाय आईचे, छातीवर कुरळ्या केसांचा एक झुबका, आणि मिशा. सकाळी फिरायला नेलं की लोक थांबवून विचारतात, “कोणत्या जातीचं आहे हो?” मी उत्तर देत नाही.

मागच्या महिन्यात भाऊ आला. तोवर आमचं बोलणं नव्हतं, राखीही मी पाठवली नव्हती. फाटकाबाहेर उभा राहून म्हणाला, “अक्का, बरी हायस का?” मी बरी आहे म्हणाले. मग त्यानं मुद्द्याला हात घातला. त्याच्याकडं उरलेल्या दोन्ही कुत्र्या वांझ निघाल्या होत्या. वडिलांच्या वेळचं रक्त आता फक्त तांबडीत उरलं होतं. मी तेव्हा म्हणाले तेच डॉक्टरही म्हणाले म्हणे, पुढची वीण बिघडत नसती. “तिला न्यायला आलोय.”

“तिचं ऑपरेशन केलंय,” मी म्हणाले. “आता तिला पिल्लं होणार नाहीत.”

तो फाटकाचा गज धरून म्हणाला, “तुला इचारावं वाटलं न्हाई? बापाची निशानी होती ती.”

“विहिरीतली कुणाची होती?”

त्याचा आवाज ऐकून तांबडी मागच्या अंगणातून धावत आली. शेपूट इतकं हलत होतं की मागचे पायच ठरेनात. फाटकाच्या गजांतून तोंड बाहेर काढून ती त्याचे हात चाटायला लागली, कूं कूं करत. त्यानं खाली बसून तिच्या कानामागं खाजवलं. त्याचे डोळे भरले होते. मला दिसले. मी कडी काढली नाही.

तो गेला. तांबडी ऊन तापेपर्यंत फाटकाशीच बसून होती. तिच्यासमोर भाकरी ठेवली, तिनं हुंगलीही नाही. मी शाळेच्या वेळेला मागच्या दारानं निघून गेले.