किल्लीवाल्या तात्यांची बिनकुलपाची पेटी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानाला पाठ टेकून, किल्लीवाले तात्या बसतात. त्यांच्या लाकडी पेटीला कधी कुलूप नव्हतं. जेवायला जाताना नुसतं झाकण पाडायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "आत काय आहे? लोकांच्या दारांची लोखंडं. चोराला दार सापडलं पाहिजे ना!"

तात्यांबद्दल माझ्या वहीत इकडेतिकडे बरंच लिहिलेलं सापडलं. ते तरुणपणी तिजोऱ्यांच्या कारखान्यात होते. कारखाना बुडाला तेव्हा पगाराऐवजी एक कानस आणि एक पक्कड घरी घेऊन आले. त्यावर दोन मुलींची लग्नं केली, बायकोचं आजारपण काढलं. आता एकटेच असतात. नजर अधू झाली आहे, पण उजव्या हाताचा अंगठा किल्लीवरून फिरवला की ती किल्ली कुठल्या घरातली ते सांगतात. "डोळे गेले तरी चालतील, वहिनी. अंगठा शाबूत पाहिजे."

त्यांचे नियम दोन. एक, साबणावरच्या ठशावरून किल्ली करायची नाही. दोन, कुणी कसली किल्ली करून घेतली ते कुणाला सांगायचं नाही. "आमचा आणि डॉक्टरांचा धंदा सारखाच," म्हणायचे. "फक्त आम्हाला कुणी नमस्कार करत नाही."

आमची गाडी जुनी, साध्या किल्लीची. पण आठवड्यातून दोनदा नणंदेला रक्त शुद्ध करायला हॉस्पिटलात न्यावं लागतं, ते तिच्यातूनच. एक खेप चुकली तर तिचे पाय सुजून भोपळ्यासारखे होतात. म्हणून गाडीची किल्ली मी पुढच्या दाराजवळ, देवाच्या तसबिरीखालच्या खिळ्याला लावायची. घाईत सापडायला बरी, आणि देवाची नजर राहते, असा माझा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी तात्यांकडून तिची जोडकिल्ली करून घेतली तेव्हा त्यांनी विचारलंच होतं, ठेवता कुठे? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते खो खो हसले. "देवाला राखणीला बसवलंत होय! अहो, त्याला तर घरात येणाऱ्या प्रत्येकाचीच माया. तो कुणाचा हात धरणार?"

मला राग आला होता. त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं आहे, 'तात्यांची श्रद्धा कमी पडते.'

गेल्या मंगळवारी भाजी घेऊन येत होते, तर तात्यांनी हाक मारली. नेहमीसारखी मोठ्यांदा नाही. पेटीतून कागदाची पुडी काढून माझ्या पिशवीत भाजीखाली सरकवली.

"घरी जाऊन बघा. काल एक जण देऊन गेला. किल्ली करा म्हणाला. तिसरा दात झिजलेला आहे. तुमच्याच गाडीच्या किल्लीचा."

"कोण होता?"

"ते विचारू नका. चाळीस वर्षांत सांगितलं नाही." मग रस्त्यापलीकडे बघून म्हणाले, "तो एकटा नव्हता. दोघं जण तिकडे मोटारसायकलवर बसून होते. गुरुवारी येणार आहेत. मी सांगीन, उन्हात साबण वितळला. तुम्ही कुलूप बदला, स्टिअरिंगला दांडा लावा, आणि किल्ली त्या खिळ्यावरून काढा. माझं नाव मात्र कुठे निघू देऊ नका, वहिनी. मला रोज याच कोपऱ्यावर बसायचंय."

"देवाशपथ नाही निघणार," मी म्हटलं.

घरी येऊन पुडी सोडली. कपड्यांच्या साबणाचा तुकडा, मधोमध किल्लीचा ठसा. पण मी ठसा बघतच नव्हते. साबणाची लांब वडी मी दोऱ्याने कापून तीन तुकडे करते. दोऱ्याला मधे गाठ असते, ती कापलेल्या अंगावर खोल रेघ ओढत जाते. ती रेघ तिथे होती. साबण माझ्याच मोरीतला होता.

म्हणजे मोरीत हात धुणारा कुणीतरी. मी आणि हे. नणंद तर भिंत धरून चालते. आणि चौथा, रोज दुपारी चहाला येणारा माझा धाकटा भाऊ. मी तो विचार झटकला. लहानपणी याला कडेवर घेऊन फिरले आहे. देवापुढे बसून मी मागितलं, तो नसू दे, दुसरा कुणीही असू दे.

बुधवारी सकाळी यांनी मेकॅनिकला आणून कुलूप बदलून घेतलं. दांडा आणला. किल्ली मी तांदळाच्या डब्यात खुपसली. खिळा तसाच राहिला.

दुपारी भाऊ आला. दारातच थांबला. चप्पल काढायच्या आधी त्याने खिळ्याकडे पाहिलं.

मग हसून म्हणाला, "ताई, आज गाडी बाहेर नेलीय का गं?"

"गाडी दारातच आहे. आंधळा झालास?"

"नाही, किल्ली दिसली नाही म्हणून."

"तुला कशाला दिसायला हवी?"

"अगं, सहज विचारलं. लगेच काय खायला उठतेस!"

एवढ्यावर गप्प बसले असते तर! पण चहा पुढे ठेवला आणि माझा तोल गेला. आत जाऊन तो साबण आणला आणि त्याच्या चहाच्या कपाशेजारी आपटला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हा तुझ्याकडे कसा आला?"

सांगायला उरलंच काय होतं? साबण त्याने एकाच माणसाच्या हातात दिला होता.

"ताई, काय करून बसलीस तू! त्यांना मी काय सांगू? ते मला सोडायचे नाहीत."

"त्या म्हाताऱ्याचं नाव घेशील तर बघ! ऐकतोयस ना?"

तो उठून गेला. चहा तसाच. त्यानंतर आला नाही, फोनही उचलत नाही.

गुरुवारी तात्यांची जागा रिकामी होती. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी रिकामीच. औषधाच्या दुकानदाराला विचारलं तर शटरकडे बघत म्हणाला, "आम्ही काही पाहिलं नाही." काय पाहिलं, हे मी विचारलंच नव्हतं.

रोज दोन नावं घेऊन हात जोडत होते. आधी कुणाचं घ्यावं ते कळत नव्हतं.

आज तात्या आले. मी धावतच गेले. उजव्या अंगठ्याला जाड पट्टी होती, मनगटापर्यंत. डाव्या हातात कानस धरायचा प्रयत्न चालला होता, ती सारखी निसटत होती.

"तात्या, हे काय झालं?"

"पक्कडीत सापडला."

पक्कड कुणाच्या हातात होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

"माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं नव्हतं," मी म्हटलं. म्हणताना माझं मलाच ऐकवेना.

"गाडी आहे ना जागेवर? नणंदबाई जाऊन आल्या?"

"आल्या."

"मग झालं."

तेवढ्यात पेटीकडे लक्ष गेलं. कडी बसवली होती, आणि कडीला नवंकोरं कुलूप लटकत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "आता तुमच्याही पेटीला कुलूप? किल्ली कुठे ठेवता?"

तात्यांनी मान वर केली. ते हसले नाहीत.

"ते तुम्हाला नाही सांगणार, वहिनी."