आईच्या आवाजाची ड्राइव्ह

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून आईला बोलता येत नाही. ऑपरेशनच्या आधी मी तिला मोबाइलसमोर बसवून हवं ते बोलायला लावलं होतं. बांगड्याचं तिखलं कसं करायचं, शेजारणीची उणीदुणी, आणि बाबांना घातलेली हाक: "अहो, ऐकलंत का, चहा निवतोय!" तो मोबाइल पुढे बिघडला. एक कॉपी बुरोंडीच्या घरातल्या कॉम्प्युटरवर राहिली, दुसरी बॅकअप ड्राइव्हवर. बाबा रोज स्पीकरला कान लावून ती हाक ऐकायचे.

मी रत्नागिरीहून फोनवर ओरडायचे, "कॉपी झाली ना? मग वायर काढून ठेवा. व्हायरस आला तर दोन्ही जातील!"

बाबांचं एकच पालुपद. "गो बाय, या पावसात पापडसुद्धा टिकत नाही. ही कपाटात ठेवली तर बुरशी धरेल. लावलेली असली की कशी उबेत राहते."

सगळा पावसाळा ड्राइव्ह लावलेलीच. हाताला गरम लागते, याचंच त्यांना कौतुक. दगडावर डोकं किती वेळा आपटायचं माणसानं?

गणपतीत शेजारचा मुंबईकर पेनड्राइव्हमधून गावच्या नमन-खेळ्यांच्या नाचाचा व्हिडिओ घेऊन आला. सगळ्यांनी मिळून तो कॉम्प्युटरवर बघितला, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवरची एक फाइल उघडेल तर शपथ. स्क्रीनवर इंग्रजीत पैशांची मागणी, आणि ड्राइव्हवरही तीच गत! मी मिळेल ती एसटी पकडून आले. दापोलीच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उठत होते, बसत होते, तीच वायर काढून पुन्हा लावत होते. शेवटी बाबांवर फुटले, "सांगून सांगून जीभ झिजली माझी! आता घ्या, ठेवा उबेत!"

बाबा खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडायला लागले. "तिचा आवाज गेला गो. आता कुठनं आणू मी तिला?"

आई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सावकाश ओठ हलवले. मी रोज व्हिडिओ कॉलवर तिचे ओठ वाचते, मला शब्दन् शब्द कळला. "मी मेले नाही हो अजून."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय म्हणते गो ती?"