बाबांनी कापलेला प्रवेश

बाबा काल गेले.
गूगल करू नका, सापडणार नाहीत.

मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर पस्तीस वर्षं. वकील, कारकून, मुलीचा मामा. चार-पाच सिनेमेही केले, त्यातल्या दोनांत ते नीट दिसतात.
जाहिरातीत नाव? 'आणि इतर'.

आई गेल्यावर त्यांना वेलिंग्टनजवळ लोअर हटला आमच्याकडे आणलं. म्हटलं, आता आराम करा.
कसला आराम! महिन्याभरात वेलिंग्टनच्या मराठी मंडळींना त्यांनी नाटकाला जुंपलं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिलं दिग्दर्शन.

नट म्हणजे आमचे आयटीवाले, तालमीला जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत, येणारे. आणि एक प्रवीण. दूर उत्तरेला 'ते रापा' नावाच्या ठिकाणी डेअरी फॅक्टरीत कामाला. शिफ्ट संपवून सहा तास गाडी हाकत यायचा. त्याचा एकच प्रवेश, हवालदाराचा.

आजोबांची भूमिका बाबांनी स्वतःकडे ठेवली होती. त्यात दहा मिनिटांचा एक प्रवेश फक्त त्यांचा. आयुष्यातला सगळ्यात मोठा रोल.

२०१४. दुपारचा प्रयोग.
हॉलवाल्यांनी बजावलं होतं, आत काही पेटवायचं नाही. बाबांनी विंगेत गुपचूप धूप लावला. रंगदेवतेला धुपाशिवाय पूजा पोचत नाही म्हणे.

फायर अलार्म.

अख्खं पब्लिक पैठण्या सावरत कार पार्कमध्ये, बोचऱ्या वाऱ्यात. फायर इंजिन आलं. मी इतकी भडकले होते की बाबांकडे बघितलंसुद्धा नाही.

आत सोडेपर्यंत पाऊण तास गेला. पाचला हॉल रिकामा करायचा होता. काहीतरी गाळणं भाग होतं.
कमिटी म्हणाली, हवालदार गाळू, त्याच्यावाचून काही अडत नाही.

प्रवीण तिथेच उभा होता, मिशी चिकटवून. म्हणाला, "चालेल काका. नो वरीज."
पण चेहरा पडला होता.

बाबांनी स्क्रिप्ट मागितली. पेन घेतलं. स्वतःच्या दहा मिनिटांवर आडवी रेघ मारली.
"हवालदार राहील," म्हणाले. "चला, पहिली घंटा द्या."

प्रवीणने एक्झिट घेतली तेव्हा हॉल टाळ्यांनी दणाणला. बाबा विंगेतून बघत होते.

परतताना गाडीत विचारलं, बाबा, वाईट नाही वाटलं?
म्हणाले,
"नट म्हणून एकेका वाक्यासाठी भांडलोय गं मी. आज दिग्दर्शक होतो."

बापाचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

बाबा, तुमच्या सगळ्या नटांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.